घालवून दिलंत की पाठवलंत

बाबा, तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा एकाच घरात राहत होतो, पत्राची गरज नव्हती. तुम्ही गेल्यावर असं काही लिहिणं मला शुद्ध वेडेपणा वाटायचा. अजूनही वाटतो. पण आज दुपारी कॉलेजात एक गोष्ट घडली आणि ती तुमच्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. मी स्टाफरूममध्ये बसलेय, समोर तपासायच्या पेपरांचा गठ्ठा आहे आणि एका कोऱ्या पुरवणीवर हे लिहितेय. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, तो परीक्षेचा कागद आहे, घरचा नाही. असू दे. मला इतकी वर्षं एकच विचारायचंय. पहिलं वर्ष संपल्यावर तुम्ही मला तुमच्या कॉलेजातून काढलंत आणि ठाण्याच्या कॉलेजात घातलंत, ते मला घालवून दिलंत की पाठवलंत? आता माझे केस पांढरे व्हायला लागलेत, मी स्वतः तिथंच ठाण्यात गणित शिकवते, आणि तरी हा प्रश्न मला सोडत नाही. भाजीच्या रांगेत उभी असले तरी मधेच येतो.

आपला ओटा तुम्हाला आठवत असेलच. कोपरच्या घरातला, काळ्या कडाप्प्याचा. लोकांच्या घरी ओट्यावर भाजी चिरतात, आपल्याकडे त्यावर गणित व्हायचं. तुम्ही कॉलेजातून येताना खिशात खडूचे उरलेले तुकडे आणायचात, इतके छोटे की धरताना नख कडाप्प्याला घासायचं आणि आईच्या अंगावर काटा यायचा. मी लिहितेय, तुम्ही मागे चहाचा कप घेऊन उभे आहात. एक ओळ झाली की मागून येतं, "कशावरून?" दुसरी ओळ झाली की परत, "कशावरून?" बरोबर आहे की चूक ते तुम्ही कधी सांगत नव्हतात. चुकलं असलं तरी कशावरून आणि बरोबर असलं तरी कशावरून. मी एकदा वैतागून म्हणाले होते, "बाबा, दोन अधिक दोन चार हेसुद्धा कशावरून?" तुम्ही म्हणालात, "हां, आता कसं बोललीस," आणि तो सगळा आठवडा त्यातच गेला. आईचा एक नियम होता, पोळ्यांच्या आधी ओटा मोकळा पाहिजे. "तुमचं ते त्रिकोण-बिकोण आवरा, मला कणीक मळायचीय," म्हणत ती ओलं फडकं घेऊन उभी राहायची. त्यामुळे मी पटापट विचार करायला शिकले. ते श्रेय तुमचं नाही, फडक्याचं आहे. कधी पोळीला पांढरं लागलेलं दिसलं की तुम्ही म्हणायचात, "कॅल्शियम आहे, खा."

बारावी होईपर्यंत आपण ओट्यावर एफवायचं सगळं गणित उरकलं होतं आणि पुढच्या वर्षाचंही बरंच. त्यामुळे मी कुठल्या कॉलेजात जाणार हा प्रश्नच नव्हता, तुमच्याच, कल्याणला. तुमचा नियम ठरलेला. कल्याण स्टेशनचा पूल उतरला की तुम्ही सर, बाबा नाही. संध्याकाळी पूल चढलो की परत बाबा. तुम्ही ते इतकं मनावर घेतलं होतंत की मला कधी कधी हसू यायचं. एकदा पुलाच्या खाली आल्यावर मी म्हणाले, "बाबा, तुमची छत्री माझ्याकडे राहिली," तर तुम्ही वळूनही बघितलं नाहीत. भिजत गेलात. वर्गात मला नंबरानं हाक मारायचात आणि मी "प्रेझेंट सर" म्हणायचे. मुलींना वाटायचं ही किती भारी, घरातच सर. मलाही तसंच वाटायचं. मी त्या वर्षी खूप सुखात होते, बाबा. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगायची पद्धत नव्हती आपल्याकडे.

आता तो तास. तो मी इतक्यांदा आठवलाय की खरा किती आणि माझ्या पदरचा किती, आता सांगता येत नाही. तुम्ही फळ्यावर एक प्रूफ करताय. दरवर्षी करता तेच, पाठ. प्रत्येक बिंदूसाठी डेल्टा म्हणून एक आकडा मिळतो, लहानसा का होईना पण शून्याहून मोठा. मग तुम्ही म्हणालात, "आता ह्या सगळ्या डेल्टांमधला सगळ्यांत लहान घ्या." आणि पुढे लिहू लागलात. मी पेन खाली ठेवलं. दहा मुलं रांगेत उभी असतील तर सगळ्यांत बुटकं कोण ते सांगता येतं. पण रांग संपतच नसेल तर? प्रत्येकापेक्षा बुटकं कोणीतरी मागे असू शकतं, आणि मग सगळ्यांत बुटकं असं कोणी सापडणारच नाही. इतकी साधी गोष्ट. मी उभी राहिले. वर्गात उभं राहून विचारायचं हेही तुमचंच शिकवलेलं. मी म्हणाले, "सर, सगळ्यांत लहान असतोच, कशावरून?"

मला वाटलं तुम्ही म्हणाल, हां, आता कसं बोललीस. तुम्ही पाठमोरे होतात. हात फळ्यावर तसाच होता, खडू टेकलेला. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. मग तुम्ही न वळता म्हणालात, "बरोबर आहे. बसा. पुढच्या तासाला बघू." आणि सगळं पुसलंत, वरचं बरोबर होतं तेसुद्धा.

त्या संध्याकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले, तुम्ही बाहेर पेपर वाचत बसलात. आई म्हणाली, "आज काय, सुट्टी?" तुम्ही म्हणालात, "डोकं दुखतंय." दुसऱ्या दिवशीही दुखलं. तिसऱ्या दिवसापासून आईनं विचारणं सोडलं आणि ओट्यावर सरळ कोथिंबीर निवडायला लागली. परीक्षा संपली तेव्हा जेवताना तुम्ही मान वर न करता बोललात, "हिचं ठाण्याच्या कॉलेजात बघतोय. दुसऱ्या वर्षाला तिथं." आई म्हणाली, "अहो, घरचं कॉलेज सोडून एवढ्या लांब कशाला?" तुम्ही म्हणालात, "पिकतं तिथं विकत नाही. इथं राहिली तर सरांची मुलगी म्हणूनच राहील. तिथं गणिताची चांगली माणसं आहेत." बोललात बरोबर, पण घोडं कुठं पेंड खातंय ते मला कळत होतं. मी विचारलं, "मी वर्गात बोलले म्हणून का?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा. "जास्त शहाणपणा करू नकोस," म्हणालात, आणि ताटातला भात तसाच टाकून उठलात. तुम्ही कधी अन्न टाकत नव्हतात.

जूनमध्ये माझ्याबरोबर तुम्हीच ठाण्याला आलात. खिडकीतल्या क्लार्कनं विचारलं, "कॉलेज सोडायचं कारण काय लिहू?" मी तुमच्याकडे बघितलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं, हे आता काय सांगतात. तुम्ही म्हणालात, "लिहा, विद्यार्थिनीची इच्छा." त्यानं लिहून टाकलं. परत निघालो तेव्हाची, चार पावलं पुढे चाललेली तुमची पाठ मला आजही दिसते, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला खडूची पूड. मला इतका राग आला होता की रडूसुद्धा आलं नाही.

ठाण्याला पहिले काही महिने माझे हाल झाले. विषयांचा मेळच बसेना. तुमच्याकडे मी फिजिक्स घेतलेलं, इथं वर्गातल्या सगळ्यांनी स्टॅटिस्टिक्स, त्यामुळे गणितात सगळ्यांच्या पुढे आणि बाकी सगळ्यांत मागे. पुढचं ऐकायला मिळत नव्हतं आणि मागचं समजत नव्हतं. मुलं विचारायची, "कल्याणवरून इकडे का आलीस?" मी सांगायचे, "इच्छा." मग तिथल्या एका मॅडमनी मला एमएस्सीच्या तासाला बसायची परवानगी दिली आणि मी अक्षरशः उधळले. तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं, तिथं चांगली माणसं होती. मला ते मान्य करायचं नव्हतं. पण घरी येऊन सांगायचं असायचंच, आज काय झालं, कुठलं प्रूफ किती सुंदर होतं. मी खडू घेऊन ओट्यापाशी जायचे. तुम्ही चहा घेऊन निघून जायचात. "तुझ्या तिथल्या सरांना विचार," म्हणायचात. कॉलेज बदललंत त्याचं मला आता काही वाटत नाही, बाबा. ओटा बंद केलात त्याचं वाटतं. तो का बंद केलात? पुलाच्या अलीकडे तर तुम्ही बाबा होतात ना?

आणि मग मी तिसऱ्या वर्षाला असताना दोन तासांच्या मधल्या सुट्टीत तुम्ही खुर्चीत बसल्याबसल्या गेलात. मला ठाण्याच्या कॉलेजात शिपाई बोलवायला आला. त्यानंतर आईनं ओटा कधी घासला असेल मला माहीत नाही, पण तेराव्याला नातेवाईक जेवून गेले तेव्हा त्याच्या कोपऱ्यात तुमच्या हातचा अर्धा कंस अजून पुसट दिसत होता. ओटा बंद होऊन तर दीड-दोन वर्षं झाली होती. मी तो बघितला आणि आईला सांगितलं नाही.

तेव्हापासून तुम्ही माझ्या मागे उभे आहात. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. बाळकुमच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओटा चकचकीत ग्रॅनाइटचा आहे, त्यावर खडू उठतही नाही, आणि तरी मी काही लिहायला घेतलं की मागून कपबशीचा आवाज येतो. मी वळत नाही. आधी वळायचे. नवरा विचारतो, "कोणाशी बोलतेस गं?" मी म्हणते, "बाबांशी." तो बिचारा चहा ठेवून निघून जातो. मुलं झाली, बदल्या झाल्या, पीएचडी झाली, प्रत्येक ठिकाणी तुम्ही हजर. चांगलं काही सांगत नाही, वाईटही नाही. तेच एक विचारता. कधी कधी मी वैतागून मोठ्यानं म्हणते, तुम्ही आधी माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या, मग मी तुमच्या देते. कधीच देत नाही तुम्ही.

आता ह्या वर्षीची गोष्ट. माझ्या एसवायच्या वर्गात एक मुलगी आहे. ठाकुर्लीहून येते. बोलायला एकदम बिनधास्त, "मॅडम, इथं थोडा लोचा आहे," असं म्हणते, आणि लोचा असतोच. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी होते. मला कळलं की ती बरोबर आहे, आणि छातीत इतका आनंद झाला की विचारू नका, आणि त्याच क्षणाला कान तापले. दोन्ही एकदम. मी वळून तिला शाबासकी दिली, नीट दिली. मी ठरवलेलंच होतं की मी तुमच्यासारखं करणार नाही. पण पुढच्या तासापासून काहीतरी बिघडलं. ती पुढच्या बाकावर, हातावर हनुवटी ठेवून बसलेली असते आणि मी लिहिताना मधेच थांबते. येणारं येत नाही. वीस वर्षं शिकवलेलं प्रूफ मी घरून पाठ करून जायला लागले. त्या वर्गाच्या दिवशी मला सकाळपासून नको वाटायचं.

गेल्या महिन्यात आईकडे गेलेले. आपली बिल्डिंग आता रीडेव्हलपमेंटला जाणार, आईनं अर्धं सामान बांधून ठेवलंय. ती मेथी निवडत होती, मी सहज बोलून गेले की एक पोरगी वर्गात असली की मला फळ्यावर लिहायला नको होतं. आईनं मान वर केली नाही. म्हणाली, "अगदी बापाची मुलगी. ते पण हेच म्हणाले होते."

"काय म्हणाले होते?"

"ही वर्गात असली की माझा हात थांबतो."

मी विचारलं, "आणि तू मला इतक्या वर्षांत सांगितलं नाहीस?"

"नको म्हणाले होते," आई म्हणाली. "खूप लागलं होतं गं त्यांना. मग गेलेच. मग कशाला सांगू?" आणि काड्या पेपरात गुंडाळून उठली.

म्हणजे घालवून दिलंत. परतताना मुद्दाम उलटी कल्याणला गेले, रिक्षा करून आपल्या कॉलेजावरून गेले, आणि मला वाटलं, चला, मिळालं उत्तर. चांगली माणसं-बिणसं सगळं नंतर चिकटवलेलं. पोरीसमोर तुमचा हात थांबला आणि तुम्ही पोरीलाच उचलून बाजूला ठेवलंत. राग यायला हवा होता. पण मला त्या दिवसापासून तुमची पाठच दिसायला लागली, फळ्याला हात टेकून उभी असलेली. तुम्ही घाबरला होतात. मी तुम्हाला घाबरलेलं कधी बघितलंच नव्हतं, म्हणून ओळखता आलं नाही.

आणि आज. ती मुलगी तास संपल्यावर आली. मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेत तिला मधूनच घ्यायला तयार आहेत, तिची इथली क्रेडिटं धरतील म्हणे, पुढच्या महिन्यात जायचं. "घरचे बोलतायत मॅडम सांगतील तसं कर. मला नाही जायचं. मला इथं मजा येते. तुम्ही सांगा ना." माझ्या तोंडावर आलंच होतं, जा. आणि तोंडावर आलं तेव्हाच कळलं की हे तिच्यासाठी आहे का माझ्यासाठी, मला सांगता येत नाहीये. तिथली माणसं माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत, हे खरं आहे. ती गेली की मी सोमवारी शांतपणे वर्गात जाईन, हेही खरं आहे. तुम्ही गप्प राहिलात आणि मी आयुष्यभर त्याच्यामागे लागले, म्हणून मी ठरवलं, हिला खरं सांगायचं. म्हणाले, "ऐक. मी जा म्हणणार आहे, पण त्यात माझा स्वार्थ आहे. तू वर्गात असलीस की माझा हात थांबतो. हे तुला माहीत असू दे."

तिनं खांद्यावरची बॅग सारखी केली. मग म्हणाली, "मॅडम, मग मी मागे बसू का? मी काही बोलणार नाही. डाउट असला तर नंतर येऊन विचारेन, कोणी नसताना. चालेल?"

बाबा, मीसुद्धा हेच म्हणाले असते. तुम्ही मला खरं सांगितलं असतंत तर मी त्याच दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसले असते, मूग गिळून उरलेली दोन वर्षं काढली असती, आणि वर त्याचा मला अभिमान वाटला असता. घरीसुद्धा मुद्दाम चुकले असते, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्हाला ते माहीत होतं का? म्हणून गप्प बसलात, ओटा बंद केलात, मला तुमचा राग येऊ दिलात? कारण राग नसता तर मी गेलेच नसते. की तुम्ही नुसतेच दुखावला होतात आणि बाकीचं मी आता इथं बसून जुळवतेय? हे मला शेवटपर्यंत कळणार नाही. दोन्ही असेल. एकाच माणसाला एकाच दिवशी दोन्ही वाटू शकतं, एवढं मला आज कळलं.

मी तिला जरा कडकच बोलले. "मागे बसायचं नाही. इथंही नाही आणि तिथंही नाही. जायचं." तिचे डोळे भरले. म्हणाली, "तुम्ही रागावलात का?" मी नाही म्हणाले, पण तिला ते पटलं नाही. तिचा चेहरा बघून मला कळलं की ती आज हे घरी घेऊन जाणार, आणि पुढची कितीतरी वर्षं ते वागवणार. मी म्हणाले, रविवारी बाळकुमला ये घरी, आपण बसू गणिताला. हो म्हणाली. येणार नाही ती. मीही आले नसते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू, सांगा. कोपरची बिल्डिंग पडणार आहे, आणि तिथंही तुम्ही नव्हतातच. फाडून टाकेन. पेपर तपासायचेत.

एक राहिलं. ती गेली तेव्हा मी खिडकीत उभी होते. ती गेटमधून बाहेर पडली, रिक्षात बसली, दिसेनाशी झाली. बाबा, मला आधी हायसं वाटलं. वाईट नंतर वाटलं.